भुऱ्या आडवा आला

छत्रपती संभाजीनगर
११ जानेवारी २०२५, दुपार

प्रिय योगे,

सप्रेम नमस्कार. तू, परमेश्वरभावजी आणि छोटी धनश्री खुशाल असाल असं धरून चालते. आम्ही इकडं बरे आहोत. श्रीशैलच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गडबड आहे. मी गॅलरीत उन्हाला पाठ देऊन बसलेय. मांडीवर वही आहे, आणि सात वर्षांनी तुझं नाव लिहितेय.

हातानं लिहिलेलं पत्र बघून तुला नवल वाटेल. तुझा नंबर आहे माझ्याकडं, आपल्या वर्गातल्या दिपालीनं दिला. दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. फोनवर मी भराभर खूप बोलते आणि नेमकं तेवढं राहून जातं. तुला माहीत आहे माझी सवय.

दिपाली सांगत होती, योगिता गेवराईला पोरींकडून पोलीस भरतीची तयारी करून घेते. गळ्यात शिट्टी असते, एक पाय जरा ओढते, पण आवाज असा की पोरी नदीच्या वाळूतसुद्धा धावतात. मी तिला विचारलं, जरा म्हणजे किती गं? ती म्हणाली, थोडाच. मी पुढं विचारलं नाही.

आता माझं. घाबरू नकोस, पण मला सध्या मेंदूच्या डॉक्टरांकडं जावं लागतंय. दिवाळीच्या पाडव्याला चौसाळ्यात होते. अप्पांच्या किराणा दुकानात उभ्याउभ्या मी हरवले. पडले नाही. श्रीशैल समोरच होता. तो म्हणतो, तुझे डोळे उघडे होते, पण तू तिथं नव्हतीस. तोंडानं चपचप आवाज करत होतीस, काहीतरी खाल्ल्यासारखा. चार हाका मारल्या, पाचवीला वळलीस आणि म्हणालीस, ‘काय?’

त्याला हे पहिल्यांदा दिसलं. मला पहिल्यांदा झालेलं नाही.

योगे, तू माझ्या शेजारी आठ वर्षं एका बाकावर बसलीस, तरी तुला हे सांगितलेलं नाही. मी नऊ वर्षांची असल्यापासून मला असं होतं. आधी वास येतो. ओल्या कापडावर तापलेली इस्त्री फिरवल्यासारखा. मग पोटातून काहीतरी गळ्यापर्यंत चढत येतं, भीतीसारखं, पण गोड. आणि मग समोरचं सगळं ओळखीचं होतं. खिडकी, फळा, बाईंचा हात, सगळं याआधी असंच, अगदी असंच घडून गेलंय असं वाटतं. माणसं पाण्याच्या पलीकडं उभी राहून बोलतात. मी मनात त्याला ‘पलीकडं जाणं’ म्हणायची. कधी दोन-चार क्षण. कधी जास्त, मग त्यातलं काहीच आठवत नाही. लहानपणी मला ते आवडायचं, हेही खरं. पलीकडं कुणी ओरडत नाही, गणितं नसतात, फक्त एक लांबचा उजेड असतो आणि आपण त्यात पोहत असतो.

आईला सांगितलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. ती मला कपिलधारला घेऊन गेली. मन्मथ स्वामींच्या समाधीपुढं डोकं टेकवलं, धबधब्याचं पाणी माझ्या डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, ‘पित्त आहे. कुणापाशी बोलायचं नाही.’

इथं दवाखान्यात मेंदूतल्या लाटा काढतात. शहादेव नावाचे तंत्रज्ञ आहेत, आपल्या पाटोद्याकडचे. त्यांनी भांग पाडून पाडून माझ्या डोक्यावर एकवीस जागी मलम लावलं, तारा चिकटवल्या आणि म्हणाले, ‘ताई, डोळे मिटा अन् निवांत पडा.’ डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला नऊ-दहा लाटा एकसारख्या उठतात म्हणे. सगळ्यांच्याच. तुझ्याही. माझ्या उठेनात. भ्यालेल्या माणसाच्या त्या लवकर उठत नाहीत. तेव्हा शहादेव म्हणाले, ‘गावाकडचं काहीतरी आठवा बरं.’

मला काय आठवलं असेल? आमच्या शेतात खतासाठी तुमच्या मेंढ्या बसवलेल्या असायच्या ते. दुपारची वेळ, बांधावर तू आणि मी आडव्या, आणि तीनशे मेंढ्यांचं एकदम रवंथ करणं. पाऊस येत नसताना पाऊस पडतोय असा तो आवाज. शहादेव हळूच म्हणाले, ‘आल्या बघा लाटा.’ मी तशीच पडून राहिले. मेंढ्यांच्या कडेला तुमचा राखणीचा भुऱ्या बसलेला दिसला, पुढच्या पायांवर हनुवटी टेकवून. मग लाटा मोडल्या.

इथल्या डॉक्टर मॅडम एक अभ्यास करतायत. काळजी आणि हे झटके यांचा संबंध काय, त्याचा. भीती वाटली की पहिल्या क्षणात अंगात एक रस सुटतो, ज्यानं छाती धडधडते. दुसरा मागून येतो, वीस मिनिटांनी, अर्ध्या तासानं. त्याचं नाव कॉर्टिसॉल. तो रक्तातून मेंदूत शिरतो. कानशिलाच्या आत एक जागा आहे, जिथं आठवणी ओवल्या जातात. तिथं त्याला बसायला सगळ्यात जास्त पाट मांडलेले असतात. त्या जागेची स्वतःची एक लय असते, सेकंदाला पाच-सहा ठोक्यांची. थोडा रस आला की लय घट्ट होते, माणूस नीट शिकतो. फार आला, रोज रोज आला, की लय विसकटते. शहादेव त्यांच्या पद्धतीनं सांगतात, ‘माणसं आळीपाळीनं बोलली की बैठक होते ताई, सगळी एकदम बोलली की भांडण.’ माझ्या डोक्यात डाव्या कानशिलामागं एका कोपऱ्यात हे भांडण होतं.

तो रस लाळेतून मोजतात, म्हणून रोज सकाळी उठल्याबरोबर, मग अर्ध्या तासानं आणि मग संध्याकाळी मी कापसाचा बोळा चावून नळीत घालते आणि तक्ता भरते. झटका आला का, किती वाजता, त्याआधी काय ताण होता.

त्या मार्चमधल्या सकाळबद्दल थोडं लिहायचं होतं. पण कागद संपत आला.

मागची बाजू कोरी आहे, हे तुला दिसेलच.

तुझी,
शिवू


छत्रपती संभाजीनगर
२६ जानेवारी २०२५

प्रिय योगिता,

नमस्कार. तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

इथल्या शाळेचं झेंडावंदन झालं. कर्णा अजून चालू आहे. खाकीतल्या दोन मुली फाटकाशी उभ्या होत्या, एकीनं टोपी काढून कपाळ पुसलं. मी तिथून लवकर आले.

दोन आठवड्यांचे तक्ते मी मॅडमना दिले. ‘ताणाचं कारण’ या रकान्यात चौदा दिवस मी ‘काही नाही’ लिहिलं होतं. त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. म्हणाल्या, ‘शिवांजली, तुमचा सकाळचा आकडा रोज चढलेला आहे, आणि ज्या दिवशी जास्त चढला त्याच दिवशी झटके आलेत. तुम्ही म्हणता काही नाही. हे दोन कागद एकमेकांशी बोलत नाहीत.’ मी म्हणाले, सासरी सगळं चांगलं आहे. त्या म्हणाल्या, ‘मला नका सांगू. पण कुणाला तरी सांगा. क्रमानं सांगा. आधी काय, मग काय.’

म्हणून क्रमानं लिहिते. यातलं बरंच तुला माहीत आहे, तरी लिहिते.

१४ मार्च २०१८. तुझी मैदानी चाचणी नऊ दिवसांवर होती. आठशे मीटर तू गावात सगळ्यात कमी वेळात पळायचीस, फक्त बीडच्या मैदानावर सराव हवा होता. म्हणून आठवड्यातून दोनदा मी तुला स्कूटीवर न्यायची. त्याच संध्याकाळी श्रीशैलच्या घरची माणसं मला बघायला येणार होती. त्या आठवड्यात मी तीनदा पलीकडं जाऊन आले होते. त्या सकाळी वेणी घालताना चौथ्यांदा वास आला. मी आईला म्हणाले, ‘आज गाडी चालवू नको वाटतंय.’ आई म्हणाली, ‘आज तर तोंडातून अक्षर काढू नकोस. लिंबूपाणी घे अन् जा, म्हंजी कुणाला काही वाटणार नाही.’

मी लिंबूपाणी घेतलं आणि आले.

वस्तीपासून भुऱ्या नेहमीसारखा आपल्याबरोबर धावला. हायवेची डांबरी आली तसा कडेला बसला. तू मागं वळून त्याला ‘जा बे घरी’ म्हणालीस. हे मला स्वच्छ आठवतं. नंतर उतारावरचं लिंबाचं झाड, आणि वास. त्यानंतर नाही. पुढं एकदम आभाळ आहे, उलट्या स्कूटीचं फिरणारं चाक आहे, आणि तुझं ओरडणं.

ट्रॅक्टरवरचे लोक धावत आले. कुणीतरी विचारलं, ‘काय झालं गं?’ मी म्हणाले, ‘कुत्रं आडवं आलं.’ ‘कोणाचं?’ मी म्हणाले, ‘बंकटमामाचा भुऱ्या.’

योगिता, कुत्रं आलं नव्हतं. कुणीच आलं नव्हतं. मला झटका आला होता.

मॅडमना मी हे परवा सांगितलं, तुझं नाव न घेता. त्या म्हणाल्या, झटक्यानंतर काही मिनिटं मेंदू गोंधळलेला असतो. जो धागा हातात असेल तो घेऊन फाटलं शिवतो. कुत्रा ही तुमची शेवटची आठवण होती, तीच ओठांवर आली. तुम्ही तेव्हा खोटं बोलत नव्हता. मला इतकं हलकं वाटलं! रिक्षात बसून घरी येईपर्यंत ते टिकलं. जिना चढताना मात्र मनात आलं की मेंदू गोंधळला होता तो पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी मी शुद्धीवर होते. हाताला प्लॅस्टर होतं, पण डोकं साफ होतं. तिसऱ्या दिवशी तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही साफ होतं. भरतीची तारीख गेली तेव्हाही. पाहुणे नंतर येऊन बघून गेले आणि त्यांनी निरोप पाठवला, मुलगी पसंत आहे, हात बरा होऊ द्या. तेव्हा मी हसले होते. तो आजार नव्हता. ती मी होते.

तुला भेटायला मी तीनदाच आले. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, ‘शिवे, तू कावून रडतीस? तुझ्या हातात व्हतं का काही?’ मग मी यायची थांबले.

पाडव्याचं पहिल्या पत्रात अर्धंच लिहिलं होतं. दुकानात आबा आले होते. हो, तुझे आबा, माझे बंकटमामा. सात वर्षांत ते आमच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. मला वाटायचं, आता बाजार बीडला करत असतील. त्यांनी टोपी काढली, गुळाच्या ढेपेशी उभे राहिले आणि माझ्यापुढं हात जोडले. माझ्यापुढं!

‘पोरी, माझ्या कुत्र्यानं तुझा हात मोडला. माझ्या लेकीची वर्दी गेली. तुला तोंड दावायची लाज वाटती म्हणून हिकडं फिरकलो न्हाई. आता वय झालं. म्हणलं, एकदा माफी मागावी.’

मग त्यांनी भुऱ्याचं सांगितलं. त्याला गोदावरीपार शहागडाकडच्या एका मेंढपाळाला देऊन टाकलं. सतरा दिवसांनी तो परत आला. पायांची कातडी निघालेली. आबांनी त्याला धोंडा मारला. दोन दिवस तो लांब बांधावर बसून राहिला, मग दिसला नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला माहीत असणार.

मी तोंड उघडलं होतं गं. ‘मामा’ एवढं म्हणालेही असेन. आणि वास आला. पलीकडं गेले. तिथं सगळं शांत होतं, आबांचे जोडलेले हात लांब पाण्याखाली दिसत होते, आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण बरं वाटलं. परत आले तेव्हा ते निघून गेले होते.

श्रीशैलला सगळं सांगितलंय. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाला, ‘लग्नाआधी सांगितलं असतंस तर मी बहुतेक नाही म्हणालो असतो. ते मला माझ्याबद्दल आवडलं नाही.’ मग कप उचलून आत घेऊन गेला.

आबांना मी सांगणार आहे. पण तुझ्याआधी नाही. म्हणून हे पत्र.

माफी मागत नाही. मागायचं म्हटलं की आबांचे हात दिसतात.

शिवांजली


छत्रपती संभाजीनगर
२३ फेब्रुवारी २०२५

योगिता,

तुझं पत्र पोचलं. वहीच्या अर्ध्या पानावरच्या सात-आठ ओळी मी इतक्यांदा वाचल्यात की त्या मला पाठ आहेत. तरी इथं उतरवून काढते, कारण त्यांचं उत्तर द्यायचंय.

‘तुझी दोन्ही पत्रं मिळाली. फाडली न्हाईत. तू चपचप आवाजाचं लिहिलंस. तो मला गाडीवर ऐकू आलता. मी म्हणलं, शिवे, एकटीच काय खातीस? तू बोलली न्हाईस. हे मी इतकी वर्षं विसरूनच गेलते. पण कुत्रा मला दिसतो. डाव्या अंगानं येतो, त्याच्या पाठीवर ऊन असतं. तू म्हणतीस नव्हता, तरी दिसतो. पोरी विचारतात मॅडम पायाला काय झालं, मी सांगते कुत्रं आडवं आलं. आता काय सांगू? आबांना तूच सांग. मी तिथं नसणार.’

मी गेल्या रविवारी गेले. तू नव्हतीस, म्हणून काय झालं ते सांगते.

आईनं उंबऱ्यातच अडवलं. ‘झालं गेलं गंगेला मिळालं. उकरून काय काढतीस? तुझ्या सासूच्या कानावर गेलं तर?’ मी म्हणाले, श्रीशैलला माहीत आहे आई, तोच घेऊन आलाय. आई पायरीवर बसली. म्हणाली, ‘लिंबूपाणी मीच दिलं होतं.’ एवढंच. मी तिच्याजवळ थोडा वेळ बसले.

आबा वेचून झालेल्या कापसाच्या रानात होते. मेंढ्या पऱ्हाट्यांची सुकली पानं खात होत्या. एका कोकराच्या लोकरीतले गोखरू ते एकेक करून काढत होते. तारामामी शेजारी ज्वारी पाखडत बसल्या होत्या. श्रीशैल बांधापलीकडं गाडीशी थांबला. मी जमिनीवर बसले, आणि यावेळी वास यायच्या आत बोलले.

आबांनी कोकरू सोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘परत सांग.’

मी परत सांगितलं.

‘म्हंजी भुऱ्या तिथं नव्हताच?’

‘नव्हता मामा. तो कडेला बसला होता. नेहमीसारखा.’

‘मंग झालं काय व्हतं तुला?’

मी डोक्यातल्या लाटांचं सांगितलं, काळजीनं सुटणाऱ्या रसाचं सांगितलं. मला वाटलं, त्यांना हे परकं वाटेल. ते मान हलवत होते. म्हणाले, ‘लांडगा येऊन गेला की मेंढरं दोन दीस रवंथ करत न्हाईत. लांडगा कवाच गेलेला आसतो. चारा म्होरं आसतो. पर तोंड हालत न्हाई. भेव आंगात ऱ्हातं. तसंच ना?’

तसंच मामा, मी म्हणाले. मॅडमना मी हे परवा सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

कोकरू त्यांच्या मांडीवर झोपलं. दुपार इतकी स्थिर होती की मेंढ्या रानात उभ्या नसून रानातूनच उगवल्यात असं वाटत होतं. मला क्षणभर भीती वाटली की मी पलीकडं जातेय. पण नाही, ती नुसती दुपार होती.

‘धा वर्सं,’ आबा म्हणाले. ‘धा वर्सं तो माझ्यासंगं त्या डांबरीपाशी आला. म्या हाळी दिल्याबिगर त्यानं पाऊल टाकलं न्हाई. मला ठावं व्हतं पोरी. तू सांगितलंस तवाच मनात आलं, ह्यो आडवा जायचा न्हाई. पर माणसाचं लेकरू हात मोडून पडलंया, ते खोटं कशापायी बोलंल? म्हणून म्या जनावराकडं बघितलंच न्हाई.’

मी रडायला लागले. ते म्हणाले, ‘रडू नगं. तुझं एक खोटं. माझी दोन पापं. शहागडाला सोडला ते एक, अन् परत आल्याव धोंडा मारला ते दुसरं.’

तेव्हा तारामामींनी सूप खाली आपटलं. ‘कुत्र्याचं काय घेऊन बसलाव तुमी? माझ्या लेकीच्या वर्दीचं काय? आठशे मीटरला तिच्या म्होरं कुणी नव्हतं. सात वर्सं ती लंगडत जिना चढती अन् ही बया आज येती व्हय सांगायला?’

आबा म्हणाले, ‘ताराबाई, तिनं येऊन सांगितलं तरी.’

‘सांगितलं म्हंजी काय फिटलं का?’ मामी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, मारतील. मारलं नाही. म्हणाल्या, ‘जा. पानी सुदिक इचारणार न्हाई म्या तुला.’ आणि सूप उचलून खोपीत गेल्या.

त्यांचं बरोबर आहे, योगिता. आबांच्या शब्दांनी मी वितळून गेले होते. मामींच्या शब्दांनी मला उभं केलं.

आबा शहागडाला जाणार आहेत. त्या मेंढपाळाला विचारायला, की भुऱ्या पुन्हा तिकडं आला होता का, कुठं मेला, कुणी पुरला. इतक्या वर्षांनी काय कळणार? मी म्हणाले, मी येते. ते म्हणाले, ‘न्हाई. त्ये माझं हाय.’

आता तुझ्या ओळींचं.

तुला कुत्रा दिसतो, हे मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, भीतीच्या वेळी आठवणींची लय मोडते. मधे भोकं पडतात. मग ज्याच्यावर आपला विश्वास असतो तो सांगेल ते त्या भोकात बसतं, आणि दर वेळी आठवताना आणखी घट्ट होतं, शेवटी खऱ्याहून खरं. मी विचारलं, ते काढता येतं का? म्हणाल्या, ‘खात्रीनं सांगता येत नाही.’

तुझ्या डोक्यात मी एक कुत्रा बसवून दिला आणि निघून गेले. आता त्याला माझी हाळी ऐकू येत नाही. तुझ्या गुडघ्यापेक्षा मला याचं जास्त भय वाटतं. गुडघा मोडला तेव्हा मी शुद्धीवर नव्हते.

औषध चालू आहे. पंधरा दिवसांत एकदाच झटका आला, तोही छोटा. गाडीची किल्ली मी श्रीशैलच्या हातात दिली आणि परवाना कपाटात ठेवलाय. सासूबाईंना उद्या सांगणार आहे. तक्त्यातल्या ‘ताणाचं कारण’ या रकान्यात आता मी तुझं नाव लिहिते. रोज. ‘काही नाही’ म्हणायची गरज उरलेली नाही. मॅडम म्हणतात, आकडा लगेच उतरणार नाही, आणि मला तो लगेच उतरायला नकोही आहे.

तू परत लिही असं मी म्हणणार नाही. गेवराईला यायचीही परवानगी मागत नाही. एकच मागते. तू विचारलंस, पोरींना आता काय सांगू? त्यांना सांग, माझी एक मैत्रीण होती, तिला आजार होता, तिला माहीत होता, आणि तिनं तो लपवून गाडी चालवली. कुत्रं नव्हतं म्हणून सांग. त्यांनी नाव विचारलं तर लपवू नकोस. त्या दिवशी ट्रॅक्टरवाल्यांना जे नाव सांगायला हवं होतं ते खाली लिहितेय. माहेरचं, तेव्हाचं, पूर्ण.

शिवांजली मन्मथ विभूते,
चौसाळा